तळोद्याचे मीठ

मी रोज सकाळी चहाच्या आधी दिवसाची यादी करतो. एका कामाला एक ओळ. काम झाले की आडवी रेघ. राहिले तर दुसऱ्या दिवशीच्या यादीत ते सगळ्यात वर. विशीत लागलेली ही सवय पन्नाशी आली तरी सुटलेली नाही. तिच्याच जोरावर मी सरकारी नोकरीत पुढे आलो. लढाईच्या दिवसांत नंदुरबारला असताना मात्र या यादीत एक ओळ अशी होती की जी आषाढापासून दसऱ्यापर्यंत रोज सगळ्यात वर होती आणि तिच्यावर मी रेघ मारली नाही. ओळ एवढीच होती : तळोदा – मीठ.

ती कशी आली ते सांगायचे तर आधी माझे काम सांगावे लागेल. सरकारने त्या सुमारास कापूस आणि तेलबियांच्या वायद्याच्या सौद्यांवर बंदी घातली होती. वायदा म्हणजे माल आज समोर नाही, भाव मात्र आजचा, आणि ताबा पुढच्या महिन्याचा. बहुतेक वेळा माल कोणी आणत नाही आणि नेतही नाही, भावातला फरक तेवढा या हातातून त्या हातात जातो. लढाईत भाव आधीच चढलेले, त्यात या सट्ट्याने आणखी चढू नयेत म्हणून बंदी. ती पाळली जाते की नाही हे पाहायला पाच माणसांचे एक पथक नेमले आणि त्याचा प्रमुख मी. कापसाची सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. एका खोलीत कचेरी, दुसरीत जप्त मालाचे कोठार. कोठाराचे पत्रे गळके होते. दुरुस्तीचे पत्र मी पहिल्या आठवड्यातच पाठवले आणि त्या ओळीवर रेघ मारली.

मी घाटावरून बदलून आलेलो. बाजाराची भाषा मला कळत नव्हती. दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवत, आणि आम्ही समोर उभे राहून रुमाल बघत बसायचो. म्हणून मी एक कार्ड तयार केले. त्यावर वायदा ओळखण्याच्या सात खुणा लिहिल्या : माल जागेवर नसणे, ताबा पुढच्या तारखेचा असणे, भाव आधी ठरणे, खूण म्हणून काहीतरी देणेघेणे होणे, अशा. सातही खुणा जुळल्या तरच खटला. कार्डाच्या पाच प्रती काढून प्रत्येकाच्या खिशात दिल्या. मला त्या कार्डाचा अभिमान होता.

दलालांनी ते कार्ड माझ्या माणसांच्या आधी पाठ केले. एका मोठ्या पेढीवर शेंगांचे एक पोते कायमचे येऊन बसले. तांबड्या ठिगळाचे पोते होते ते. शेकडो पोत्यांचा सौदा होई तेव्हा हे पोते मध्ये ठेवलेले असे, म्हणजे माल जागेवर आहे, म्हणजे पहिली खूण जुळत नाही. बाजारात त्या पोत्याचे नाव ‘साक्षीदार’ पडले होते. मी तपासणीला गेलो की तो दलाल नोकराला हाक मारी, “साहेब आले रे, साक्षीदाराला पुढे आण.” सगळे हसत. मी पोते पाहिल्याची नोंद करी आणि परत येई. माल पाहिला होता ना. खोटे काहीच लिहीत नव्हतो.

तीन महिने धुळ्याला जाणाऱ्या माझ्या तक्त्यात खटल्यांच्या रकान्यात शून्य होते. मग मोठ्या साहेबांचे पत्र आले. पाच माणसे नेमकी काय करतात, असा त्यात एकच प्रश्न होता.

पत्र आले त्याच आठवड्यात मी तळोद्याच्या आठवडी बाजाराला गेलो. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार, मग तापी नावेतून, मग पलीकडे छकडा. सोबत माझा इन्स्पेक्टर होता. तो तापीकाठच्या शेतकरी घरातला, वयाने माझ्याहून थोडा मोठा. कचेरीत माझ्याशी शाळेतली मराठी बोले, बाहेर पडला की अहिराणी.

तळोद्यात मीठ-कापडाचे एक दुकान होते. ते एक विधवा बाई चालवत. नवऱ्याच्या मागे दुकान त्यांनीच वाढवले होते, आणि बाजारात सगळे त्यांना बेन म्हणत. दुकानासमोर डोंगरातली दहा-बारा माणसे बसली होती. तोरणमाळच्या वाटेवरच्या कुठल्याशा पाड्याची. बायकांच्या टोपल्यांत मीठ भरून झाले होते. त्यांचा म्हातारा कारभारी बेनसमोर उकिडवा बसून एका दोरीला गाठी मारत होता. नऊ गाठी मारल्या. मग तशीच दुसरी दोरी, तिलाही नऊ. एक बेनच्या हातात दिली, एक स्वतःच्या कमरेला खोचली.

मी इन्स्पेक्टरला विचारले की हे काय आहे. त्याने सहज सांगितले, माझ्या कार्डाचा विचारही त्याच्या मनात नव्हता. हे लोक पावसाळ्यापुरते मीठ आता नेतात. पावसाने जोर धरला की नाले भरतात, मग दसऱ्यापर्यंत कोणी खाली उतरत नाही. मिठाच्या बदल्यात मोहाच्या बिया द्यायच्या, पण त्या आज झाडावरच आहेत. म्हणून दर बाजारी दोघांनीही एकेक गाठ सोडायची. गाठी संपतील त्या बाजारी, नाले भरायच्या आत, बिया खाली येतात. मिठाला बियांचे माप आजच ठरते. पुढे बियांचा भाव वाढो की पडो, माप बदलत नाही.

मी खिशातले कार्ड काढले. माल जागेवर नाही. ताबा पुढचा. भाव आधी ठरलेला. खूण दिलेली आणि घेतलेली. एकेक करत सातही जुळल्या. मोहाच्या बियांचे तेल निघते, आणि हुकमात ‘तेलबिया’ एवढेच लिहिले होते. इतका स्वच्छ खटला नंदुरबारच्या पेढ्यांवर मला कधी मिळाला नसता.

इन्स्पेक्टर गडबडला. मराठी सोडून म्हणाला, “साहेब, हाऊ सट्टा नई शे. ह्या डोंगरना लोके दरसाल असंच मीठ लई जातस.”

मी त्याला म्हणालो की दरसाल घडते म्हणून ते कायद्यात बसत नाही. हे वाक्य मला तेव्हा चांगले वाटले होते.

पुढचे मी क्रमाने सांगतो, कारण ते क्रमानेच घडले आणि प्रत्येक पायरीला थांबता आले असते. दोन्ही दोऱ्या पाकिटात घातल्या, वर लिहिले ‘गाठी : नऊ’. कारभाऱ्याचा अंगठा घेतला. बेनची सही घेतली की सुनावणीपर्यंत असा व्यवहार करणार नाही. मग बायकांना टोपल्या रिकाम्या करायला सांगितले. एकेक जण पुढे येऊन मीठ आमच्या पोत्यात ओतत होती. एकीने टोपलीच्या विणीत अडकलेले खडे बोटाने काढून तेही पोत्यात टाकले, मागे काही ठेवले असे वाटू नये म्हणून. चार पोती भरली.

बेन दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, “तुम्हीन मीठ धरं, साहेब. आते पाऊसले बी धरा. तो बी पुढला महिनामा येणार शे.”

बाजार हसला, पण साक्षीदाराच्या वेळी हसत तसे नाही.

आम्ही छकड्यात पोती चढवत होतो तेव्हा समोरच्या निंबाखाली बसून म्हातारा नवी दोरी वळताना दिसला. पुन्हा नऊ गाठी. तीही जप्त करावी का, असा विचार माझ्या मनात आला. वहीत तसे लिहिलेही होते : ‘दुसरी दोरी?’ छकडेवाला घाई करत होता म्हणून ते राहिले. मनाच्या चांगुलपणाने नाही.

नंदुरबारला त्या साक्षीदाराच्या पेढीवरून गेलो तर दलाल गादीवरून अर्धवट उठून म्हणाला, “या साहेब. डोंगरातली मोठी पेढी बुडवलीत म्हणे.” मी न थांबता पुढे गेलो. तक्त्यात मात्र शून्याच्या जागी एक लिहिताना मला बरे वाटले, हे खरे आहे.

दिवस गेले. पाऊस लागला, पण तापीवर अजून नाव चालत होती. एक दिवस कचेरीत आलो तर कारभारी व्हरांड्यात बसला होता. सोबत दोन तरुण माणसे. तिघे भिजलेले. समोर बांबूची टोपली, तिच्यात मोहाच्या बिया, वर पळसाची पाने झाकलेली. त्याच्या नऊ गाठी संपल्या होत्या. ठरल्या बाजारी पाड्याने बिया खाली आणल्या होत्या. बेननी त्या दुकानाच्या पडवीत नुसत्या ठेवून घेतल्या, आणि मीठ साहेबाकडे आहे म्हणून सांगितले. तेव्हा तो मिठासाठी तापी ओलांडून आला होता. बिया आणल्या हे खोटे वाटू नये म्हणून एक टोपली डोक्यावर घेऊन.

घरी तो भिली बोले, पण बाजाराची बोली त्याला येत होती. त्या बोलीत साहेबालाही तूच. तो म्हणाला, “बिया लई उनूत. मीठ दी दे.”

मी त्याला सांगितले की सुनावणी व्हायची आहे. इन्स्पेक्टरने ते त्याला समजावले. मग इन्स्पेक्टर माझ्या टेबलाजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला की हुकमात नाशवंत मालाचे कलम आहे. टिकणार नाही असा माल पथकप्रमुख स्वतःच्या सहीने परत देऊ शकतो.

कलम मला पाठ होते. मी विचारले, “मीठ नासतं का?”

“त्या कोठारात ठेवून बघा, साहेब,” तो म्हणाला.

सही करायला अर्धे मिनिट लागले असते. पण मोठे साहेब पुढच्या पंधरवड्यात तपासणीला येणार होते. माझ्याकडे दाखवायला एकच खटला होता, आणि त्याचा मुद्देमाल कोठारात नीट चिठ्ठ्या लावून रचलेला होता. चार रिकाम्या जागा मला त्यांना दाखवायच्या नव्हत्या. हे मी कोणाला बोललो नाही. कारभाऱ्याला एवढेच सांगितले की अजून दोन बाजार थांब, मग मीठ तळोद्याला पोचवतो.

त्याने इन्स्पेक्टरकडे पाहिले. इन्स्पेक्टरने मान हलवली. मग म्हाताऱ्याने कमरेची दोरी काढली, दातांनी तिचे दोन तुकडे केले, दोन्हींना दोन-दोन गाठी मारल्या आणि एक तुकडा माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. टोपली तशीच ठेवून तिघे निघाले, तापी चढायच्या आत पोचायचे म्हणून.

वायद्यावर देखरेख करणारा मी. पुढच्या तारखेचा माल, खुणेसकट, कबूल करून बसलो होतो. कार्ड काढून पाहिले नाही. काढायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून यादीत ओळ सुरू झाली. यादी करताना एकदा बायको चहा घेऊन आली आणि वाकून वाचून म्हणाली, “घरात मीठ आहे. रोज काय लिहिता?” मी कचेरीचे आहे म्हणालो. ती म्हणाली, कचेरीचे असेल तर मग इतके दिवस का राहिले, तुमचे कधी काही राहत नाही. ती टोमणा मारत नव्हती. कौतुक करत होती.

मोठे साहेब दुसऱ्या बाजाराच्याच दिवशी आले. सकाळी आले. नाव चालू होती. दुपारच्या मोटारीवर पोती चढवली असती तर सांजेपर्यंत तळोदा गाठता आले असते. त्यांनी कोठार पाहिले, चिठ्ठ्या वाचल्या, पाकिटातल्या दोऱ्या हातात घेऊन हसले. पथकाने डोंगरापर्यंत नजर ठेवली आहे, असे शेऱ्यात लिहिले. जाताना त्यांनी विचारले, “काही अडचण?” इन्स्पेक्टर दारात उभा होता. तो माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, “कोठाराचे पत्रे गळतात, साहेब.” त्यांनी ते लिहून घेतले.

मिठाचे मी बोललो नाही. विचारले असते तर ते हो म्हणाले असते. त्यांना त्याचे काहीच वाटत नव्हते. पण विचारायचे म्हणजे आतापर्यंत का दिले नाही, हे सांगावे लागले असते.

त्या रात्री सातपुड्यात जोराचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी तापी चढली. नाव बंद. पुढे कोणीही मला मीठ का पाठवले नाही असे विचारले असते, तर नदीकडे बोट दाखवता आले असते. मी स्वतःला ते अनेकदा दाखवले. पण नदी दुसऱ्या दिवशी चढली होती, बाजार आदल्या दिवशी होता, आणि तारखा माझ्या हातून चुकत नाहीत.

नाव सुरू झाल्यावर इन्स्पेक्टर जाऊन आला, पण तोवर नाले भरून पाड्याची वाट बंद झाली होती. म्हातारा त्या बाजारी दिवे लागेपर्यंत निंबाखाली बसला होता, असे बेननी त्याला सांगितले. इन्स्पेक्टरने मला हे सांगितले आणि फाईल उघडून कामाला लागला. त्यानंतर तो माझ्याशी अहिराणीत कधी बोलला नाही.

सुनावणी दसऱ्याच्या आधी झाली. मामलेदारांनी दोऱ्या पाहिल्या, बेनचे दोन शब्द ऐकले, आणि हा सट्टा नव्हे, माल परत करा, एवढाच निकाल दिला. कोठार उघडले तर चारही पोती भिंतीला टेकून खाली बसली होती. गोणपाट ओले आणि रिकामे. तळाशी काळपट गोळे. जमिनीवर पांढरा थर, आणि त्याचा एक ओघळ दाराखालून कचेरीत येऊन माझ्या टेबलाच्या पायापाशी वाळला होता. शिपाई तो रोज पुसत असे म्हणे. चिठ्ठ्या मात्र पोत्यांना जागच्या जागी होत्या.

मी परवाना काढून स्वतःच्या पैशाने चार पोती मीठ घेतले आणि तळोद्याला गेलो. बेनकडे निरोप ठेवला होता. कारभारी आला. पाड्याची माणसे आली, पण या वेळी पाच-सहाच. पोती वाहायला एक बैल आणला होता. मी विचारले की पावसाळ्यात मिठाचे काय केले. इन्स्पेक्टरने विचारून सांगितले : महिनाभर अळणी खाल्ले. मग लहान मुलांची आणि गुरांची अवस्था बघून दोन माणसे भर पावसात नर्मदेकडे उतरली, आणि मणिबेलीच्या बाजूला कोणाला तरी एक बैल देऊन मीठ आणले. या बैलाचा जोडीदार तो.

म्हातारा हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. विचारले म्हणून सांगत होता.

मीठ उतरवून झाल्यावर मी बेनना म्हणालो की निकाल लागला आहे, आता तुमचा पहिल्यासारखा व्यवहार चालू करायला हरकत नाही. त्या तागडी पुसत होत्या. म्हणाल्या, नको साहेब, आता मी हातोहात देते, हातोहात घेते. बिया समोर असल्या तर मीठ, नाहीतर नाही. सही केली तेव्हा दिवस भरत आलेल्या सुनेला घाईने माहेरी पाठवावे लागले, घरात पोलीस येतील म्हणून. पुन्हा त्या वाटेला जायचे नाही. कारभारी ऐकत होता. त्याला ते आधीच माहीत होते.

म्हणजे चार पोती मीठ मी भरून दिले, पण झाडावरच्या बियांवर पावसाळ्याचे मीठ मिळायची त्या पाड्याची रीत माझ्या एका खटल्याने बंद पाडली, आणि ती भरून द्यायला माझ्याकडे कुठलाही परवाना नव्हता. नंदुरबारच्या पेढीवर ठिगळाचे पोते त्याच जागी होते.

माझ्या खिशात म्हाताऱ्याने दिलेली दोरी होती. दोन्ही गाठी तशाच. ती परत द्यावी असे मनात धरून मी आलो होतो. हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

म्हातारा निघताना थांबला आणि मला म्हणाला, “मन्ही टोपली कोठे शे?”

मला पटकन आठवले नाही. मग आठवले. बियांना वास येऊ लागला तेव्हा शिपायाने त्या उकिरड्यावर टाकल्या होत्या. टोपली घट्ट विणीची, चांगली होती, म्हणून त्याने ती माझ्या टेबलाखाली ठेवली होती, रद्दी टाकायला. आषाढापासून मी रोज कालची यादी फाडून तिच्यातच टाकत होतो.

मी म्हणालो, कचेरीत आहे, पुढच्या बाजारी आणतो. इन्स्पेक्टरने ते त्याला सांगितले नाही. म्हाताऱ्याला माझे समजले होते. त्याने मान हलवली. या वेळी त्याने दोरी काढली नाही. बैलाच्या पाठीवरचे मीठ हाताने चाचपून पाहिले आणि तो माणसांमागून चालू लागला.

पुढच्या बाजारी मी टोपली घेऊन एकटा गेलो. घासून, उन्हात वाळवून घेतली होती. पाड्याचे कोणी आले नव्हते. दिवे लागेपर्यंत मी निंबाखाली बसलो, मग ती बेनच्या दुकानात खुंटीला टांगली. महिन्याभरात माझी बढतीवर बदली झाली. ती टोपली कोणी नेली की नाही, मला माहीत नाही.